लेकाच्या हातावर टॅरँटुला ठेवू द्यावा का?

परभणी जिल्ह्यातील एक भगिनी लिहितात: “भिंतीवर कोळी दिसला की मी किंचाळते आणि आता माझा 5 वर्षांचा मुलगाही किंचाळू लागला आहे. पुण्याचा माझा धाकटा भाऊ टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळतो. दिवाळीत तो मुलाच्या हातावर ठेवला की भीती कायमची जाईल, असे त्याचे म्हणणे आहे. ठेवू द्यावे का?”

ताई, हातावर मुळीच ठेवू देऊ नका. भावाचा हेतू चांगला आहे. परंतु टॅरँटुलाचे पोट इतके नाजूक असते की कमरेइतक्या उंचीवरून पडला तरी ते फुटून त्याचा जीव जाऊ शकतो, आणि एवढ्याशा मुलाने दचकून हात झटकणे स्वाभाविकच आहे. शिवाय अनेक अमेरिकी जाती घाबरल्या की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतात. ते त्वचेला खाज आणतात आणि डोळ्यांत गेले तर इजा करतात. आपल्याकडच्या जातींना असे केस नसले तरी त्यांचा चावा फार दुखतो.

खरी ओळख तुमच्या घरीच होईल. भिंतीवर टुणकन उडी मारणाऱ्या इवल्याशा कोळ्यासमोर हळूच बोट न्या. तो अंगाचा पुढचा भाग वळवून, समोरचे दोन मोठे डोळे रोखून तुमच्याकडेच पाहू लागतो. मुलाला पाय मोजायला सांगा: मुंगीचे 6, कोळ्याचे 8. पहिल्या पावसानंतर शेतात निघणारा लाल मखमली मृगाचा किडाही 8 पायांचा, म्हणजे कोळ्याचाच नातलग, हे कळल्यावर त्याला केवढा आनंद होईल!

स्वतःची भीती लपवू नका. “मलाही भीती वाटते, पण आपण दोघे लांबून बघू,” असे मोकळेपणाने सांगा. केरसुणी उचलण्याऐवजी कोळ्यावर पेला पालथा घाला, खाली जाड कागद सरकवा आणि त्याला अंगणात सोडून द्या.

एक गोष्ट मात्र बजावून सांगा: बिळात, दगडाखाली किंवा कडब्याच्या गंजीत हात घालायचा नाही. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. तसे झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

भावाला सांगा, टॅरँटुलाने टाकलेली कात बंद काचेच्या डबीत घेऊन ये. तिच्यावरही केस असतात, म्हणून डबी उघडू नये. पाय बाहेरूनही मोजता येतात.