फायरवॉल लावली आणि गिऱ्हाईकच बाहेर राहिलं

प्रश्न : सर नमस्कार, विश्रामबागला छोटं ऑफिस आहे माझं, मार्केट यार्डातल्या हळद-बेदाणावाल्यांच्या मिळून 30 साइट आणि मेल एका व्हीपीएसवर (भाड्याचा आभासी सर्व्हर) आहेत, तो सांभाळायचं पॅनल डायरेक्टअ‍ॅडमिन. एसएसएचवर (सर्व्हरमध्ये दुरून शिरायचं दार) रात्रंदिवस कोण ना कोण पासवर्ड मारत असतं म्हणून सीएसएफ ही फायरवॉल टाकली, पॅनलमध्ये तिचं पान पण आलं. पण आता दर दोन-तीन दिवसांनी एकाच पेढीचा फोन येतो, साइट उघडत नाही, मेल येत नाही, बाकी सगळ्यांचं चालू असतं. काढून टाकू का? शिवाय ती बनवणारी कंपनीच बंद झाली म्हणतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर : काढू अजिबात नका, फायरवॉल तिचं काम बरोबर करतेय. सीएसएफ फक्त नियम लावते, खरा पहारा असतो तिच्या जोडीच्या एलएफडी या प्रोग्रॅमचा, तो सारखा लॉग (लॉगिनच्या नोंदी) वाचतो, कुठल्या आयपीवरून (इंटरनेटवरचा पत्ता) किती वेळा पासवर्ड चुकला ते मोजतो आणि आकडा ओलांडला की तो आयपी बंद. आता पेढीत कॉम्प्युटर पाच आणि मोबाइल दहा असले तरी बाहेर सगळ्यांचा आयपी एकच, राउटरचा. मेलचा पासवर्ड कधीतरी बदलला असणार आणि कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये जुनाच राहिला असणार, तो फोन बिचारा खिशात पडल्या पडल्या दर थोड्या वेळाने लॉगिन मारत राहतो आणि त्याच्यापायी अख्खी पेढी बाहेर. पुढच्या वेळी फोन आला की त्यांचा आयपी विचारून घ्या आणि पॅनलमधल्या सीएसएफच्या पानावर सर्च करा, डिनाय (बंद केलेल्यांच्या) यादीत त्या आयपीसमोर कारण लिहिलेलं असतं. तिथे आयमॅप (मेल वाचायची पद्धत) लॉगिन फेल दिसलं तर मेलच, एफटीपी दिसलं तर साइट अपलोड करणाऱ्या पोराचा पासवर्ड.

बरेच जण इथे आयपी अलाऊच्या (येऊ द्यायच्या) यादीत टाकून मोकळे होतात, पण एलएफडी बघतो ती यादी इग्नोरची (ज्यांच्या चुका मोजायच्या नाहीत), अलाऊची नाही, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. आणि इग्नोरमध्ये पण त्यांनी स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेतला असेल तरच टाका, नाहीतर उद्या तो नंबर दुसऱ्याच कुणाकडे असेल.

डायरेक्टअ‍ॅडमिनचा स्वतःचा ब्रूट फोर्स मॉनिटर (चुकलेले पासवर्ड मोजणारा) पण असतो, तो सीएसएफला जोडलाय का ते बघा, जोडला असेल तर दोघं वेगवेगळं मोजतात आणि ब्लॉक नक्की कुणी केलं ते शोधण्यात दिवस जातो. फायरवॉलडी (लिनक्सची दुसरी फायरवॉल) चालू असेल तर आधी बंद करा.

एक कळकळीने सांगतो, मी साताऱ्यात एका सर्व्हरवर हेच केलं होतं. सीएसएफ टाकल्यावर नंतर एसएसएचचा पोर्ट (दाराचा नंबर) बदलला, टीसीपी इनच्या (बाहेरून उघडे ठेवायच्या पोर्टच्या) यादीत नवा पोर्ट टाकायचं राहिलं, रीस्टार्ट मारलं आणि रात्री साडेअकराला मीच बाहेर. होस्टिंगवाल्याचा कन्सोल (सर्व्हरची थेट स्क्रीन) नसता तर सकाळपर्यंत बसलो असतो. म्हणून काही मोठं बदलायचं असेल तर सीएसएफच्या सेटिंगमध्ये टेस्टिंग 1 (चालू) करा, त्यात दर 5 मिनिटांनी नियम आपोआप पुसले जातात, मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एसएसएच, पॅनलचा 2222, मेल, एफटीपीचे पॅसिव्ह पोर्ट सगळं उघडतंय ना बघा आणि मगच 0 करा. टेस्टिंगमध्ये एलएफडी चालूच होत नाही, त्यामुळे तिथे सगळं छान दिसलं म्हणून ही तक्रार संपली असं समजू नका.

कंपनीचं म्हणाल तर खरंय, 31 ऑगस्ट 2025 ला ती बंद झाली, पण जाताना सगळा कोड जीपीएल 3 या खुल्या परवान्याखाली मोकळा करून गेली, म्हणून तुमची सीएसएफ आज चालू आहे तशी चालत राहील. फक्त ऑटो अपडेट 0 करा, तिकडून आता काही येणार नाही, आणि नवी आवृत्ती घ्याल तेव्हा ती कोण सांभाळतंय ते बघूनच घ्या.

आधी मात्र पेढीवर स्वतः जा आणि सगळ्यांचे फोन घेऊन मेलची सेटिंग उघडून बघा, दिवाणजींचा पहिला.