गिटारवर मिडी पिकअप लावून रेकॉर्डिंग आणि स्टेज दोन्ही जमतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रिक गिटारवर हात चांगला बसलाय, कीबोर्डवर नाही. घरच्या रेकॉर्डिंगला आणि वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात बासरी, व्हायोलिनं, पॅड (मागे भरून राहणारे लांब सूर) हे सगळं मिडी पिकअप लावून गिटारवरूनच वाजवता येईल का, आणि त्यासाठी खर्च करावा का?

रेकॉर्डिंगसाठी निःशंक करा. स्टेजसाठीही करा, पण तिथे या यंत्राला मोजकीच कामं द्या. ही दोन कामं मुळात वेगळी आहेत. रेकॉर्डिंगमध्ये जे मागाहून दुरुस्त करता येतं, ते स्टेजवर त्या क्षणीच बरोबर यावं लागतं.

आधी आतलं यंत्र कसं चालतं ते पाहा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. मिडी म्हणजे आवाज नव्हे, तर कोणता सूर किती जोरात वाजला याच्या डिजिटल सूचना; त्या ऐकून सिंथ, म्हणजे सिंथेसायझर किंवा त्याचं सॉफ्टवेअर, हव्या त्या वाद्याचा आवाज काढतो. साध्या पिकअपमधून (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागातून) सहाही तारांचा एकत्र आवाज बाहेर येतो. रोलँडचा जीके-३ किंवा फिशमनचा ट्रिपलप्ले यांत प्रत्येक तारेसाठी वेगळा छोटा पिकअप असतो. त्या प्रत्येक तारेची कंपनं मोजून यंत्र ठरवतं की सूर कोणता आहे. मोजायला निदान एकदोन पूर्ण आवर्तनं तरी ऐकावी लागतात. सगळ्यात जाड ई तारेची कंपनसंख्या ८२.४ हर्ट्झ, म्हणजे एकच आवर्तन १२ मिलिसेकंदांचं. पातळ ई तार ३३० हर्ट्झच्या आसपास, तिचं आवर्तन ३ मिलिसेकंदांचं. शिवाय पिक तारेवर आपटतं तेव्हा पहिला क्षण निव्वळ खरखरीचा असतो, त्यात सूरच नसतो. म्हणून वरच्या सुराच्या पातळ तारा झटकन उमटतात आणि खालच्या सुराच्या जाड तारा मागे राहतात. महागडं यंत्र घेतलं तरी हा भौतिकशास्त्राचा हिशोब टळत नाही. बेसचा आवाज वाजवायचा असेल तर तो पातळ तारांवर वाजवा आणि सिंथमध्ये एक किंवा दोन सप्तक खाली उतरवा. या एका युक्तीने निम्मी तक्रार मिटते.

आता सेटिंग. यावर खरोखर एक पूर्ण संध्याकाळ घालवा, कारण नाराज होऊन पिकअप विकून टाकणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच घाई करतात. पिकअप ब्रिजच्या (तारा जिथे गिटारच्या अंगाला टेकतात त्या पट्टीच्या) अगदी जवळ हवा. शेवटच्या फ्रेटवर (पडद्यावर) तार दाबली की तार आणि पिकअप यांच्यात साधारण १ मिलिमीटर फट राहील अशी उंची ठेवा. मग प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटी स्वतंत्रपणे लावा. तुमच्या नेहमीच्या जोरात वाजवा, मुद्दाम हळू किंवा जोरात नको. तारा नव्या हव्यात, फ्रेटवर कुठे घरघर नको. फ्लोटिंग ट्रेमोलो (दांडीने हलणारा, स्प्रिंगवर तोललेला ब्रिज) असेल तर एक तार ओढली की बाकीच्या किंचित उतरतात, आणि यंत्र तेही इमानेइतबारे सिंथला कळवतं. म्हणून शक्यतो पक्क्या ब्रिजची गिटार वापरा. नायलॉन तारांवर चुंबकीय पिकअप चालतच नाही. तिथे प्रत्येक तारेखाली पिएझो (दाबातून कंपन टिपणारा सेन्सर) असलेला ब्रिज लागतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोनो मोड. यात सहा तारांना सहा वेगळे मिडी चॅनल मिळतात, त्यामुळे एका तारेची मींड दुसऱ्या तारेला ओढत नाही. पिचबेंडची (सूर वरखाली सरकवणाऱ्या सूचनेची) रेंज पाठवणाऱ्या पिकअपच्या आणि ऐकणाऱ्या सिंथच्या दोन्ही बाजूंना सारखी ठेवा, १२ किंवा २४ सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एका पडद्याचं अंतर). एकीकडे १२ आणि दुसरीकडे २ राहिलं, की दोन पडद्यांची मींड जेमतेम पाव-अर्धा पडदा सरकते आणि दोष पिकअपला दिला जातो. पियानो आणि हार्मोनियमसाठी पिचबेंड सरळ बंद करा. त्या वाद्यांत मींड नसते, आणि बोटाचा बारीक थरकापही तिथे खोटा वाटतो.

रेकॉर्डिंगला बसाल तेव्हा गिटारचा मूळ आवाज आणि मिडी दोन्ही एकाच वेळी, वेगळ्या ट्रॅकवर घ्या. मूळ आवाज हा तुमचा पुरावा. कुठला सूर खरा आणि कुठला यंत्राने ऐकला, हे त्याच्याशी ताडून पाहता येतं. नंतर मिडी एडिटर उघडला की अगदी कमी व्हेलॉसिटीच्या (हळू वाजल्याची नोंद असलेल्या), क्षणभर चमकून गेलेल्या नोट्स दिसतील. बोट उचलताना मोकळी तार वाजते, त्यातून त्या येतात. त्या निवडून काढून टाका. जाड तारांचे चॅनल टाइमलाइनवर थोडे आधी सरकवून घ्या. क्वांटाइझ (सूर तालाच्या मात्रांवर आपोआप बसवणं) मात्र सांभाळून करा, नाहीतर गिटारवादकाची लय जाते आणि कीबोर्डच उरतो. ऑडिओ इंटरफेसचा (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) बफर, म्हणजे आवाज साठवून पुढे देण्याचा तुकडा, ६४ किंवा १२८ सॅम्पलवर ठेवा; तो जितका लहान, तितका उशीर कमी. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आतच.

बासरीबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय, म्हणून थोडं सविस्तर. गिटारचा सूर छेडल्यापासून विरत जातो, बासरीचा सूर फुंकेवर फुलतो. नुसता बासरीचा पॅच (सिंथमधला तयार आवाज) लावून गिटारच्या सवयीने वाजवलं, तर प्रत्येक सुराची सुरुवात टोचते. पायाखाली एक्स्प्रेशन पेडल घ्या, त्याला कंट्रोलर ११ (आवाजाचा चढउतार सांगणारी मिडी सूचना) जोडा, आणि सूर छेडताना पेडल जवळजवळ बंद ठेवून मग उघडा. फुंकेचं काम पाय करतो. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण एकदा पडलं की डावा हात गिटारवादकाची खरी ताकद दाखवतो, कारण तार ओढून घेतलेली मींड कीबोर्डच्या चाकापेक्षा कितीतरी जिवंत असते. फक्त एका ओढीत दोन-तीन पडद्यांच्या पलीकडे जाऊ नका. सॅम्पल (खऱ्या बासरीचा रेकॉर्ड केलेला सूर) ताणलं गेलं की बासरीचा पोतच बदलतो.

स्टेजवर माझा नियम एकच: सिंथ गिटारच्या मागे ठेवायचा, पुढे नाही. गिटारचा खरा आवाज तत्काळ कानावर पडतो, त्यामागून हळू उमलणारा पॅड किंवा व्हायोलिनं आली तर उशीर जाणवतच नाही. पियानो, मॅरिंबा यांसारखे झटकन उमटणारे आवाज जलद लयीत स्टेजवर टाळा. हवेतून आवाज यायला दर मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. मॉनिटर चार पावलं लांब असेल तर आधीच्या उशिरात हा आणखी भर, म्हणून इन-इअर (कानात बसणारे मॉनिटर) घ्या. ट्रिपलप्लेचं वायरलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि सभागृहातला वायफायही अनेकदा तिथेच असतो. रिसीव्हर लॅपटॉपच्या पाठीमागे दडवू नका, केबलने पुढे आणून गिटारच्या समोर ठेवा.

मिडीत रूपांतर न करताही सिंथचा आवाज मिळतो, हे विकणारे क्वचितच सांगतात. रोलँडच्या १९८० च्या जीआर-३०० मध्ये तारेचं कंपनच थेट ऑसिलेटर (सिंथचा सूर निर्माण करणारा भाग) चालवतं, आणि जॅझ गिटारवादक पॅट मेथेनी आजही त्याच आवाजासाठी ओळखले जातात. बॉसच्या एसवाय-१००० मध्ये हीच कल्पना डिजिटल रूपात आहे. बासरी किंवा सतार हुबेहूब नको असेल, नुसता भरदार सिंथ लीड हवा असेल, तर स्टेजसाठी मी हाच मार्ग सुचवेन.

सेकंडहँड घेताना जोडणी तपासा. रोलँडची जुनी जीके यंत्रणा १३ पिनांच्या केबलवर चालते. २०२३ मध्ये आलेला जीके-५ डिजिटल आहे आणि त्याची केबल वेगळी. दोन्ही एकत्र वापरायचे तर मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि बजेट तिथेच वाढतं.

खर्चाआधी जॅम ओरिजिनच्या मिडी गिटार सॉफ्टवेअरची मोफत चाचणी आवृत्ती उतरवून घ्या. त्याला वेगळा पिकअप लागत नाही, आहे ती गिटार इंटरफेसला लावली की झालं. आठवडाभर रोज त्यावर एकेक सूर स्वच्छ वाजवा, उजव्या तळव्याने नको त्या तारा दाबून धरायची सवय लावा. तेवढ्यात कळेल की तुमचा हात या वाद्यासाठी बदलायला तयार आहे की नाही. मग तुमची गिटार कोणती आणि ब्रिज ते पिकअप यांत किती मिलिमीटर जागा आहे ते मोजून इथेच लिहा, त्यावरून कोणता पिकअप बसेल ते नेमकं सांगता येईल.