लॅपटॉप तापून बंद पडतोय. मदरबोर्ड गेला की फॅन साफ करायचा?

तुमचा प्रश्न असा: लॅपटॉप चार वर्षांचा, थोडा वेळ चालवला की फॅन घोंघावतो, साधा ब्राउझरही अडखळतो, अधूनमधून मशीन आपोआप बंद पडतं. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतोय आणि तुम्ही विचारताय की आधी घरीच फॅन साफ करून बघू का?

बघाच. मी विदर्भात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. एप्रिल-मे लागला की अशी मशिनं रांगेने येतात आणि त्यातल्या बहुतेकांचा मदरबोर्ड ठणठणीत असतो. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून तुमचा ब्राउझर अडखळतो. तरीही तापमान उतरलं नाही तर जळण्यापेक्षा बंद पडलेलं बरं म्हणून मशीन वीज तोडतं. म्हणजे ते बंद पडणं हा बिघाड नसून बचाव असू शकतो.

उघडण्याआधी फुकटातली एक तपासणी करा. फॅन जोरात असताना गरम हवा जिथून बाहेर पडते त्या जाळीपाशी तळहात धरा. आवाज मोठा पण हवा जेमतेम, तर वाट तुंबली आहे. हवा भरपूर आणि चांगली गरम, तर कूलिंग आपलं काम करतंय. मग टास्क मॅनेजरमध्ये कोणता प्रोग्राम गुपचूप प्रोसेसर खातोय ते पाहा. तिसरा प्रकार फसवा असतो: हवा भरपूर पण कोमट, आणि आत प्रोसेसर मात्र ९५ अंशांवर. तिथे उष्णता चिपपासून हीटसिंकपर्यंत, म्हणजे ती शोषून घेणाऱ्या तांब्याच्या भागापर्यंत, पोचतच नाही: दोघांमध्ये उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही.

ते अंश बघायला ‘एचडब्ल्यू-इन्फो’ किंवा ‘कोअर टेम्प’ यांपैकी एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. जड कामाला ८०-९० अंश दिसले तर घाबरू नका, लॅपटॉप तसेच चालतात. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते. काही न करता नुसता चालू ठेवूनही आकडा ७०-८० वर बसत असेल तर मात्र काहीतरी अडलंय. आणि ६० अंशांवर असतानाच मशीन बंद पडत असेल तर धुळीच्या मागे लागू नका. बॅटरी, चार्जर किंवा बोर्डाचा वीजपुरवठा, असं दुसरंच काही असणार.

आता धूळ. लोक पात्यांवरची धूळ पुसतात आणि समाधानाने झाकण लावतात. खरा अडथळा पात्यांवर नसतोच. फॅनच्या तोंडाशी तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची दाट जाळी असते. हीट पाइपमधून, म्हणजे चिपवरून येणाऱ्या तांब्याच्या नळीतून, आलेली उष्णता या पट्ट्यांत उतरते आणि फॅनची हवा ती बाहेर नेते. फॅन आणि जाळी यांच्या मधल्या फटीत धूळ, केस, चादरीचे तंतू दाबून दाबून थर बसतो, गाळणीत चहाचा चोथा बसावा तसा. बाहेरून तो दिसत नाही. घरात फोडणीचा धूर आणि उदबत्ती रोजची असेल तर तो तेलकट होऊन नुसत्या फुंकरीने हलतही नाही. बाहेरच्या जाळीतून ब्लोअर मारला तर थर जरा मागे सरकतो, चार दिवस बरं वाटतं, आणि फॅनची हवा त्याला पुन्हा जागेवर आणून बसवते.

म्हणून खालचं झाकण काढाच. वॉरंटी चालू असेल तर मात्र आधी तिच्या अटी वाचा. मशीन बंद करा, चार्जर काढा. कागदावर लॅपटॉपची चौकट काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत जा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर आतलं काहीतरी फुटतं. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. कडेच्या खाचा जुन्या सिमकार्डाच्या प्लास्टिकने सोडवा. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा आणि मशीन जाणकाराकडे न्या.

फॅन सहसा दोन-तीन स्क्रूंवर बसलेला असतो. फॅन आणि जाळीच्या सांध्यावर काळी पट्टी असते, ती हळूच उचला. खाली धुळीचा राखाडी नमदा दिसेल, चिमट्याने धरला की बऱ्याचदा अख्खा उचलून येतो. उरलेली धूळ मऊ ब्रशने काढा. ब्लोअर वापरायचा तर पातं बोटाने धरून ठेवा: हवेच्या झोताने फॅन भलत्याच वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं, शिवाय वायर जोडलेली असेल तर फिरणारी मोटर उलटी वीज बोर्डात ढकलू शकते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नको, त्यातून स्थिर वीज तयार होते. आणि तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

नमदा निघाला आणि तापमान उतरलं तर थर्मल पेस्टला हातच लावू नका. नाहीच उतरलं तर हीटसिंक काढावा लागेल. त्याच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. बसवताना त्या क्रमाने थोडे थोडे पिळा, काढताना उलट क्रमाने. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी चिपचा पूर्ण पृष्ठभाग झाकेल इतकी पातळ लावा. आजूबाजूचे मऊ थर्मल पॅड फाडू नका, त्यांची जाडी ठरलेली असते आणि पेस्ट ती भरून काढत नाही. पुसताना पाऱ्यासारखं चकचकीत काही दिसलं तर तो लिक्विड मेटल आहे; काही गेमिंग लॅपटॉपमध्ये असतो. त्यातून वीज वाहते, बोर्डावर सांडला तर सगळंच संपलं. ते काम आमच्यासारख्यांवर सोडा.

तोवर काम अडू नये म्हणून विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. बहुतेक मशिनवर त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरने गरजेला आपोआप वाढवलेला वेग, बंद होतो, वेग थोडा जातो पण तापमान चांगलंच खाली येतं. गादीवर लॅपटॉप ठेवणं सोडा, हवा खालूनच ओढली जाते. मागच्या बाजूला पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं सरकवली तरी फरक पडतो. महागड्या कूलिंग पॅडबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आणि खोलीतच ४२ अंश असतील तर फॅन ४२ अंशांचीच हवा आत घेणार, तेव्हा दुपारचं जड काम सकाळी उरका.

साफ केल्यावरही फॅन खरखरत असेल तर बेअरिंग गेलंय. तेल घालून फार दिवस चालत नाही, नवा फॅन घ्या. मागवताना लॅपटॉपच्या नावावर जाऊ नका, फॅनच्या स्टिकरवरचा नंबर जुळवा आणि कनेक्टरला तीन पिना आहेत की चार ते मोजा. एकाच मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्ड असलेल्या आणि नसलेल्या मशिनचे फॅन वेगळे असू शकतात.