दुसऱ्या मशीनला मेमरी उघडून दिली, आता सिक्युरिटीचं काय?

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये दोन सर्व्हर आहेत, दोन्हींत आरडीएमएवालं, म्हणजे दुसऱ्या मशीनची मेमरी थेट वापरू देणारं, नेटवर्क कार्ड आहे. माझा फायनल इयर प्रोजेक्ट असा की एका मशीनच्या रॅममधला डेटा दुसऱ्या मशीनने थेट वाचायचा-लिहायचा. स्पीड जबरदस्त मिळतोय. पण गाईड मॅडमनी विचारलं की यात सिक्युरिटी कुठंय, तर मला फक्त "आर-की आहे ना", म्हणजे मेमरी उघडायची किल्ली, एवढंच सांगता आलं. आर-की असली की भागतं का? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : नाही भागत, मॅडमनी बरोबर जागी बोट ठेवलंय. आणि प्रोजेक्ट आहे म्हणून सोडून देऊ नका, कारण असाच कोड पुढे कंपनीत जसाच्या तसा जातो.

नेहमीच्या नेटवर्कमध्ये पॅकेट आलं की आधी ऑपरेटिंग सिस्टिम बघते, मग प्रोग्रॅमला देते. आरडीएमएत कार्ड स्वतःच रॅममध्ये हात घालतं, सीपीयूला पत्ताही लागत नाही. म्हणून तर स्पीड मिळतो, पण त्यामुळेच सर्व्हरवरचा फायरवॉल हे ट्रॅफिक बघत नाही आणि कोणी काय वाचून गेलं याची प्रोग्रॅमकडे कसलीच नोंद राहत नाही. राखणदार उरतो फक्त कार्ड. ते काय बघतं, तर आर-की जुळते का, मेमरीतला पत्ता रजिस्टर केलेल्या, म्हणजे कार्डाला उघडून दिलेल्या, हद्दीत आहे का, वाचायची-लिहायची परवानगी दिलीय का आणि कनेक्शन त्याच प्रोटेक्शन डोमेनमधलं (कोणत्या कनेक्शनला कोणती मेमरी चालेल हे ठरवणारा गट) आहे का. बास.

आता आर-की म्हणजे काय तर ३२ बिटांचा एक आकडा, आणि तो पॅकेटमधून उघड्यावर जातो. तुमचं नेटवर्क इथरनेटवरचं असेल, म्हणजे बहुधा रॉकी व्ही-२ (RoCE v2, इथरनेटवरून चालणारं आरडीएमए), तर ती यूडीपीच्या ४७९१ पोर्टवर जाणारी साधी पॅकेटं असतात, स्विचवर कुणी पोर्ट मिरर करून, म्हणजे ट्रॅफिकची नक्कल आपल्याकडे वळवून बसलं तर पत्ता, किल्ली, कनेक्शनचा नंबर सगळं त्याला वाचता येतं. शिवाय २०२१ मध्ये झ्युरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी दाखवलं की काही कार्डांवर या किल्ल्या अंदाज बांधता येईल अशा क्रमाने निघतात, म्हणजे चोरायचीसुद्धा गरज नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते प्रोटेक्शन डोमेनचं. बहुतेक जण सुरुवातीला एकच डोमेन बनवतात आणि सगळे क्लायंट त्यातच घालतात, मग एका क्लायंटला दिलेली किल्ली दुसऱ्याच्या कनेक्शनवरही चालते! तुमचा कोड आज उघडा आणि हे आधी बघा. प्रत्येक क्लायंटला वेगळं डोमेन द्या. पूर्ण बफर (डेटासाठी राखलेली मेमरी) रजिस्टर करून ठेवू नका, लागेल तेवढाच तुकडा द्या, नुसतं वाचायचं असेल तर रिमोट राइटचा फ्लॅग लावूच नका. काम झालं की परवानगी काढून घ्या, त्यासाठी टाइप २ची मेमरी विंडो आहे, म्हणजे रजिस्टर केलेल्या मेमरीतला एक तुकडा उघडणारी खिडकी, ती एकाच कनेक्शनला बांधता येते आणि लगेच रद्द करता येते. पासवर्ड, टोकन असलं काही त्या तुकड्याच्या आसपासही नको. आणि वायरवरचं झाकायचं असेल तर आयपीसेक (पॅकेटं एन्क्रिप्ट करायची पद्धत) हार्डवेअरमध्येच करणारी कार्डं मिळतात, ती नसतील तर डेटा मेमरीत ठेवायच्या आधी स्वतः एन्क्रिप्ट करा, थोडा स्पीड जाईल, जाऊ दे.

आता दुसरी बाजू, ही कुणी सांगत नाही. समोरचा मशीन तुमच्या बफरमध्ये कधीही लिहू शकतो, तुम्ही वाचत असतानासुद्धा. मागे एका टीमचा कोड बघत होतो, त्यात मेसेजच्या सुरुवातीला लांबी लिहिलेली, कोड तपासतो की ती ५१२ पेक्षा जास्त नाही ना, ठीक, आणि दोनच ओळी खाली कॉपी करताना तीच लांबी परत त्याच शेअर्ड जागेवरून उचलतो. मधल्या क्षणात समोरच्याने तिथं ९००० लिहिलं की संपलं, शेजारची मेमरी फुटली. लिहिणाऱ्याने चेक लावला होता हो, मनापासून लावला होता, पण चुकीच्या जागी. आधी आपल्या खासगी मेमरीत कॉपी घ्या, मग तपासा, मग तीच कॉपी वापरा, मूळ जागेकडे परत वळू नका.

आणि नेटवर्क अनोळखी लोकांसोबत शेअर करू नका. ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातल्या ग्रुपने २०१८ मध्ये नुसत्या आरडीएमए पॅकेटांनी दूरच्या मशीनच्या रॅममधले बिट उलटवून दाखवले, आणि २०१९ मध्ये इंटेल सर्व्हरच्या कॅशवरून (सीपीयूजवळची वेगवान मेमरी) दुसऱ्याच्या एसएसएच सेशनमध्ये (दूरच्या मशीनवरचं एन्क्रिप्टेड लॉगिन) कीबोर्डची की कधी दाबली गेली ते ओळखून काय टाइप केलं असेल याचा अंदाज बांधला. असल्या हल्ल्यांपुढे किल्ली कितीही लांब असली तरी उपयोग नाही.

प्रश्न : सीएक्सएल (मशीन्सना बाहेरची मेमरी जोडायचं आणि वाटून घ्यायचं नवं तंत्र) आलं की हे सगळं आपोआप सुटणार असं ऑफिसमध्ये म्हणतात, खरंय का? – एक वाचक, हिंजवडी

उत्तर : थोडंसंच. २०२० च्या सीएक्सएल २.० मध्ये एका डिव्हाइसची मेमरी अनेक मशीन्सना वाटून देता येते, २०२२ च्या ३.० पासून तोच तुकडा एकाच वेळी अनेकांना वापरता येतो. लिंकवरचा डेटा एईएस-जीसीएम या एन्क्रिप्शनने झाकायची सोय त्यात आहे, म्हणजे वायर ऐकणाऱ्याचा प्रश्न मिटतो. पण ज्या मशीनला तुम्हीच तुकडा दिलाय ते मशीन हॅक झालं तर ते एन्क्रिप्शन मधे येत नाही, आणि वर सांगितलेला आधी-कॉपी-मग-तपासचा नियम इथंही तसाच लागू. अजून एक, एका मशीनकडून काढलेला तुकडा दुसऱ्याला द्यायच्या आधी पुसला जातो का आणि कोण पुसतं, हे व्हेंडरला लेखी विचारा.