संसदेचे कामकाज वारंवार बंद पडत असेल, तर ती लोकशाहीला आधार देते हे संशोधनातून कसे ठरवतात? असा अभ्यास सोलापुरात राहून करता येईल का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. गोंधळात तहकूब होणारी संसद लोकशाही टिकवते असे अभ्यासक कशाच्या बळावर म्हणतात, हा पहिला. आणि राज्यशास्त्रात एम.ए. करून सोलापुरातच राहिलेल्या विद्यार्थ्याला दिल्लीत मुक्काम न करता या विषयावर पीएच.डी. करता येईल का, हा दुसरा. मी याच शहरात बरीच वर्षे राज्यशास्त्र शिकवीत आलो आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर ‘होय’ असे आहे. पहिल्या भागाला मात्र थोडी जागा लागेल.

संसदेच्या कामाचे मोजमाप म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा ‘किती तास वाया गेले’ एवढेच सांगितले जाते. हे माप किती फसवे आहे, ते दोन लोकसभा शेजारी ठेवल्या की कळते. पंधराव्या लोकसभेचे (२००९–१४) २०१० चे हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणावरून जवळजवळ पूर्ण वाहून गेले आणि एकूण कार्यकाळातही नियोजित वेळेपैकी सुमारे ६१ टक्के वेळच कामकाज झाले. तरीही त्या लोकसभेत मांडलेल्या विधेयकांपैकी सुमारे ७१ टक्के विधेयके संसदीय समित्यांकडे तपासणीसाठी गेली. सतराव्या लोकसभेत (२०१९–२४) नियोजित वेळेच्या सुमारे ८८ टक्के कामकाज झाले, पण बैठकी झाल्या २७४ आणि समित्यांकडे गेलेली विधेयके होती सुमारे १६ टक्के. (पहिल्या लोकसभेच्या बैठकी ६७७ झाल्या होत्या.) तासांवर गुण दिले तर सतरावी लोकसभा पुढे, आणि छाननीवर दिले तर पंधरावी. ‘कामकाज चालले’ म्हणजे नेमके काय चालले, हे आधी ठरवल्याशिवाय संशोधनाचा प्रश्नच नीट मांडता येत नाही, असे माझे मत आहे.

विधिमंडळांचा अभ्यास करणाऱ्या जुन्या मंडळींना ही अडचण फार पूर्वी जाणवली होती. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पॅकेनहॅम यांनी ब्राझीलच्या काँग्रेसचा अभ्यास करून १९७० साली असे मांडले की, कायदे ठरवणे हे तिथल्या विधिमंडळाचे फार मोठे काम नव्हतेच. शासनाला मान्यता मिळवून देणे आणि पुढारी घडवणे ही कामे त्याहून वजनदार होती. त्यांच्याच देशाचे नेल्सन पोल्स्बी यांनी १९७५ मध्ये विधिमंडळांची मांडणी एका पट्टीवर केली: एका टोकाला बाहेर ठरलेल्या भूमिका जिथे जाहीरपणे एकमेकींसमोर उभ्या राहतात असे आखाडे, आणि दुसऱ्या टोकाला मागण्यांचे स्वतःच कायद्यात रूपांतर करणारी सभागृहे. भारतीय संसद मला पहिल्या टोकाच्या बरीच जवळ वाटते. आखाडा म्हटल्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. सत्तेला चारचौघांत उत्तर द्यायला लावणे हेही लोकशाहीचे काम आहे.

भारतात या अभ्यासाला एक खास अडचण आहे. अमेरिकेत कोणत्या सदस्याने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, याच्या नोंदींवर संशोधनाची मोठी इमारत उभी आहे. आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात, त्यामुळे खासदाराच्या नावापुढे मताची नोंद राहत नाही; आणि मतविभागणी झालीच तरी १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे (म्हणजे पक्षांतरबंदीमुळे) खासदार पक्षादेशाबाहेर सहसा जात नाही. म्हणून खासदाराचे स्वतःचे मन शोधायचे तर ते प्रश्नोत्तरांत शोधावे लागते, कारण प्रश्न विचारायला पक्षादेश लागत नाही. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात. अशोका विद्यापीठातील त्रिवेदी सेंटरने १९९९ ते २०१९ या काळातील लोकसभेच्या प्रश्नांची माहिती एकत्र करून अभ्यासकांना खुली केली आहे. आपल्या कामाची सुरुवात तिथून होऊ शकते.

आता सोलापूर. आपल्या शहराच्या पूर्व भागात घरोघरी विडी वळणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्या आयुष्यावर परिणाम करणारे संसदेचे कायदे मोजके पण स्पष्ट आहेत: १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा, १९७६ चा कल्याण उपकर आणि कल्याण निधीचे कायदे. दवाखाना आणि मुलांची शिष्यवृत्ती या उपकरातून चालत असे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा उपकर रद्द झाला आणि हा खर्च सर्वसाधारण अर्थसंकल्पावर आला, म्हणजेच दर वर्षी मंजूर होणाऱ्या अनुदानाच्या मागण्यांवर (मंत्रालयांनी संसदेकडे मागितलेल्या खर्चावर). त्या मागण्यांपैकी बऱ्याच लोकसभेत चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात (संसदीय बोलीत याला ‘गिलोटिन’ म्हणतात), पण श्रमविषयक स्थायी समिती आपल्या मंत्रालयाच्या मागण्या तपासून अहवाल देते. सभागृहात अवाक्षर निघाले नसेल त्या वर्षीही अहवालात काहीतरी सापडते. असे अहवाल वाचताना मला अनेकदा वाटले आहे की, संसद खरी कुठे काम करते हे दूरचित्रवाणीवर दिसत नाही.

पुढचा टप्पा अधिक गुंतागुंतीचा आहे, म्हणूनच संशोधनाला चांगला आहे. १९६६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीच्या संहितेत विलीन झाला. या संहितेचे पहिले विधेयक २०१९ मध्ये आले, समितीकडे गेले आणि समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये आला. नंतर ते मागे घेऊन नवे विधेयक १९ सप्टेंबर २०२० रोजी मांडले गेले, आणि २२ सप्टेंबरला लोकसभेत व २३ सप्टेंबरला राज्यसभेत ते संमत झाले. त्या वेळी विरोधकांपैकी बहुतेकांचा बहिष्कार होता, आणि करोनामुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही नव्हता. आता हे विधेयक ‘समितीकडे गेलेले’ धरायचे की ‘न गेलेले’? वर दिलेल्या टक्केवाऱ्या अशाच निर्णयांवर उभ्या असतात, आणि आपल्या प्रबंधातले एक अख्खे प्रकरण केवळ समितीच्या शिफारशी व नव्या मसुद्याची कलमे ओळीने ताडून पाहण्यात जाऊ शकते.

यासाठी लागणारे वादविवाद, प्रश्न आणि अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. समित्यांच्या बैठका बंद दाराआड होत असल्या तरी इतिवृत्ते बहुधा अहवालाला जोडलेली असतात. शिवाय लोकसभेची शासकीय आश्वासनांसंबंधी समिती १९५३ पासून आहे: मंत्र्याने सभागृहात ‘विचार करू’ म्हटले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि साधारणपणे तीन महिन्यांत ते पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते. विडी कामगारांविषयी दिलेली आश्वासने काढा आणि त्यांचे पुढे काय झाले ते पूर्व भागात जाऊन विचारा. त्या बाया मराठीपेक्षा तेलुगूत मोकळेपणाने बोलतात, तेव्हा तेलुगू येणारा एखादा सोबती पहिल्या दिवसापासून बरोबर ठेवा. मी तो ठेवला नव्हता आणि माझ्या पहिल्या मुलाखतींपैकी निम्म्या मला पुन्हा घ्याव्या लागल्या.