फूटप्रिंट जुळला म्हणजे सगळं जुळलं का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी .२२ प्रोन (पोटावर झोपून) मारतो. रायफल लायसन्सवर आहे, कस्टम ॲक्शनवर (बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो स्टीलचा भाग) बांधलेली, फूटप्रिंट, म्हणजे खालच्या बैठकीचं माप, रेमिंग्टन ७०० चा. लाकडी स्टॉक पावसात फुगायचा म्हणून आता त्याच्या जागी ॲल्युमिनियमचं चेसिस बसवलं, त्याच्या बॉक्सवर ‘७०० शॉर्ट ॲक्शन’ असंच लिहिलंय. ॲक्शन आत जाते, दोन्ही स्क्रू लागतात, पण पूर्ण टाइट केलं की बोल्ट जड होतो आणि सैल केलं की परत लोण्यासारखा. कुठे घासू, चेसिस की ॲक्शन?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : आधी कानस खाली ठेवा. ॲक्शनला तर कानस अजिबातच लावायची नाही, सिरियल नंबर तिच्यावर असतो, लायसन्सवर तोच चढलेला असतो आणि १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे शस्त्रात फेरफार करायला वेगळं लायसन्स लागतं. घासायची वेळ आलीच तर चेसिस घासायचं, तेही परवाना असलेल्या गनस्मिथकडून.

आता मूळ मुद्दा. रेमिंग्टन ७०० आली १९६२ मध्ये आणि तिचं खालचं माप पुढे इतक्या जणांनी उचललं की आज ‘७०० फूटप्रिंट’ हा जवळजवळ स्टँडर्डच झालाय. पण त्याचा अर्थ एवढाच, की खालची गोलाई तीच आणि दोन स्क्रूच्या भोकांमधलं अंतर तेच. बोल्ट स्टॉप कुठे, रिकॉइल लग (ॲक्शनच्या पुढच्या टोकाला खाली आलेला, धक्का स्टॉकला देणारा स्टीलचा तुकडा) किती जाड, बोल्टचा हँडल कुठे खाली येतो, मॅगझीन किती वर चढतं, हे प्रत्येक कस्टमवाला आपापल्या मनाने ठरवतो. बॉक्सवर यातलं काहीच लिहीत नाहीत, म्हणून तुम्ही फसला यात तुमची चूक नाही.

तुमच्या लक्षणावरून मला दोनच शक्यता दिसतात. मॅगझीन बाहेर, चेंबर रिकामं, डोळ्याने आणि बोटाने दोनदा बघून मगच सुरू करा. पुढच्या स्क्रूच्या टोकाला काळं मार्कर लावा, स्क्रू टाइट करा, बोल्ट चार-पाच वेळा मागेपुढे करा आणि स्क्रू काढून टोक उजेडात धरा. शाई पुसून चकचकीत ठिपका दिसला तर स्क्रू लांब आहे, तो आत येऊन बोल्टला लागतोय. चेसिसचा तळ लाकडापेक्षा पातळ असतो, त्यामुळे जुने स्क्रू तसेच वापरले की हे हमखास होतं. योग्य लांबीचा स्क्रू घ्या, प्रश्न तिथेच मिटला. मागच्या स्क्रूचंही असंच बघा, तो ट्रिगरच्या आसपास कुठे टेकत नाही ना.

शाई शाबूत असेल तर मात्र ॲक्शन वाकतेय. हे माझ्या स्वतःच्या रायफलीत झालंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. फॅक्टरीचा रिकॉइल लग साधारण ४.७५ मिमी जाड असतो आणि कस्टम बॅरल बसवणारे बरेचदा ६.३५ चा, कधी जवळजवळ ८ मिमीचाही टाकतात. माझा ६.३५ चा होता, चेसिसची खाच त्याला जेमतेम पुरायची, आणि तो आत गेला म्हणून मी खूश झालो. पण लग तळाला टेकत होता, म्हणजे ॲक्शन व्ही-ब्लॉकवर (चेसिसमधली व्ही आकाराची बैठक) बसलेलीच नव्हती, एक पाय उंच असलेल्या पाटासारखी लगवर तरंगत होती, आणि मागचा स्क्रू आवळला की ती कमानीसारखी वाकायची. सहा महिने मी गोळ्यांचे लॉट बदलत बसलो, ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) काही सुधारेना. लगची फक्त मागची बाजू खाचेला टेकली पाहिजे. पुढे, खाली, दोन्ही कडांना, कागद सरकेल एवढी फट हवीच.

तपासायचं कसं, तर डायल गेजचा मॅग्नेट ॲल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून त्याचा स्टँड फोरएंडला (चेसिसचा बॅरलखालचा पुढचा भाग) क्लॅम्पने धरा, सुई बॅरलवर टेकवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. सुई ०.०५ मिमीच्या आत हलली तर बैठक चांगली, त्याच्या वर गेली तर कुठेतरी ताण आहे. मग ॲक्शनच्या पोटाला लिपस्टिकचा पातळ हात फिरवून ती चेसिसमध्ये ठेवून उचला. व्ही-ब्लॉकवर दोन सरळ लांब रेषा उमटल्या पाहिजेत. तुकडे उमटले किंवा लगच्या तळाशी लाल दिसलं, की जागा सापडली.

बसवताना रायफल दस्त्यावर उभी करायची, नळी वर, म्हणजे ॲक्शनच्या वजनाने लग मागे टेकतो, आणि मगच स्क्रू लावायचे. ७०० साठी ॲल्युमिनियम चेसिसमध्ये स्क्रू आवळायचा जोर ६५ इंच-पाउंड, म्हणजे साधारण ७.३ न्यूटन मीटर, हा आकडा सगळे वापरतात, पण तुमच्या ॲक्शनवाल्याने कमी सांगितला असेल तर त्याचंच ऐका. टॉर्क रेंच घ्याच.

आणि आपल्याकडची एक गोष्ट. लाकूड फुगायचं थांबलं म्हणजे पावसाची काळजी संपली असं नाही. स्टील आणि ॲल्युमिनियम चिकटून बसतात तिथे खारी दमट हवा अडकते आणि गंज आतून धरतो, बाहेरून काही कळत नाही. जून ते चवथीपर्यंत महिन्यातून एकदा तरी ॲक्शन काढून पुसा आणि तेलाचा हात फिरवा. इलेक्शनला पोलीस स्टेशनात बंदूक जमा करायची वेळ आली तर त्याच्या आदल्या रात्रीही, कारण तिथे ती आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहते.

प्रश्न : आमचं फायबरच्या बोटींचं काम आहे. बोटीला वापरतो तीच इपॉक्सी स्टॉकच्या बेडिंगला (ॲक्शनखालची पोकळी भरून तिची घट्ट बैठक करायला) चालेल का?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : कापडावर ओतता ती पातळ लॅमिनेटिंगची नको, ती वाहत जाते आणि कडेला जागाच धरत नाही. बोटीच्या दुरुस्तीला घट्ट पुटीसारखी येते ती मात्र चालते, मरीन-टेक्स हे बोटीचंच मटेरियल आणि बाहेरचे गनस्मिथ बेडिंगला ते वर्षानुवर्षं वापरतात. तुमचा हात त्यात बसलेला आहे, तेव्हा मिश्रणाचं मी काय सांगणार, फक्त एकच सांगतो, ॲक्शनवरचं प्रत्येक भोक आणि खाच मुलांच्या क्लेने बुजवा आणि अख्ख्या ॲक्शनला, स्क्रूंच्या आट्यांनासुद्धा, बुटाच्या मेणाच्या पॉलिशचे दोन हात द्या. लगच्या पुढे, खाली आणि कडांना टेपचा एक थर लावा, मागची बाजू उघडी ठेवा. एक भोक जरी विसरलं तरी इपॉक्सी त्यात शिरून कुलूप लागल्यासारखी बसते आणि मग स्टॉक कापल्याशिवाय ॲक्शन सुटत नाही. रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी रबरी हातोडीने बॅरलला खालून हलकेच ठोका, ‘टक’ करून सुटल्याचा आवाज येतो.