शापोऱ्याची ती भिंत नेमकी कुठली?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सुट्टी लागली की गोव्यात राहणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पाहुणे येतात आणि हल्ली त्यांच्याकडे देवळांपेक्षा सिनेमातल्या जागांची यादी मोठी असते. यंदाच्या पत्रांमधले निम्मे प्रश्न त्याबद्दलच आहेत.

प्रश्न : पुण्याहून भाचरं येताहेत. ‘दिल चाहता है’मधल्या किल्ल्यावर न्या, असा एकच धोशा आहे. आम्ही इतकी वर्षं इथे राहून कधी वर गेलो नाही. शेजारी म्हणतात, वर नुसती पडकी भिंत आहे. जायचं तर कधी, आणि सिनेमात तिघे मित्र बसतात ‘ती’ जागा कुठली? (म्हापसा)

उत्तर : शेजारी खरं बोलतात, फक्त ‘नुसती’ हा शब्द गाळा. शापोऱ्याच्या किल्ल्यात आज वाडे, कोठारं, देऊळ असं काहीच उभं नाही. आदिलशाहीतल्या जुन्या शहापुऱ्याच्या जागी पोर्तुगिजांनी १६१७ साली हा किल्ला बांधला. १६८४ मध्ये तो संभाजी महाराजांच्या फौजेने घेतला, १७३९ मध्ये पुन्हा मराठ्यांकडे आला आणि १७४१ मध्ये परत पोर्तुगिजांकडे गेला. आता उरलाय तो चिऱ्यांचा (जांभ्या दगडाचा) तट, कोपऱ्यांवरचे गोल बुरूज आणि मधला मोकळा माळ. पण त्या माळावरून उत्तरेला शापोरा नदीचं मुख आणि पलीकडे मोरजी, पश्चिमेला उघडा समुद्र, दक्षिणेला वाघातोर असं सगळं एका जागी उभं राहून दिसतं. २००१ साली सिनेमावाल्यांनी निवडलं ते हेच, दगड नव्हे.

नेमका दगड शोधत बसू नका. वर गेल्यावर तीन जण तीन जागा दाखवतात आणि तिघांनाही खात्री असते. समुद्राकडच्या तटावर, पाठीमागे माळ आणि समोर पाणी अशी बैठक मिळाली की चौकट जुळते.

वाघातोरच्या बाजूला गाडी लावून चढायला दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. दुसरी वाट शापोरा गावातून येते. चढ फारसा नाही, घात करते ती वाट. चिऱ्याची माती उन्हाळ्यात भुसभुशीत होते, तिच्यावर बारीक खडे पसरतात आणि उतरताना रबरी चपला बेअरिंगवर ठेवल्यासारख्या घसरतात. चढताना कुणी पडत नाही, पडतात ते उतरताना. पट्टे बांधता येतील असे बूट घाला. पावसात त्याच चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा तटावर चढूच नये. वर सावली नाही, पाणी नाही. माणशी एक लिटर खालूनच घ्या.

वेळेचं गणित सूर्यावर. समुद्र पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळी ऊन थेट कॅमेऱ्यात येणार आणि माणसं काळी दिसणार. तशाच काळ्या आकृत्या हव्या असतील तर मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, साडेपाचला वर पोचा. डिसेंबरात तो सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास जातो, त्या हिशेबाने तास-दीड तास आधी. चेहरे दिसायला हवेत आणि समुद्र निळा यायला हवा, तर सकाळी साडेनऊच्या आत जा. ऊन पाठीशी असतं, गर्दीही नसते.

आता फोनचं. बहुतेक जण दोन हातांच्या अंतरावर उभं राहून फोटो काढतात आणि मग म्हणतात, समुद्र किती लांब गेला! सिनेमात समुद्र अंगावर आल्यासारखा वाटतो कारण कॅमेरा लांब उभा असतो आणि लेन्स जवळ ओढते. तटावर बसलेल्यांपासून आठ-दहा मीटर मागे, माळावर या, फोन तीनपट झूमवर ठेवा. माणसं तेवढीच राहतात, मागचा किनारा मोठा होतो. काळ्या आकृत्यांसाठी स्क्रीनवर आभाळावर बोट दाबून ठेवा, फोकस लॉक झाला की बाजूची सूर्याची खूण खाली ओढा. मागे सरकायचं ते फक्त माळावर. तटावर उभं राहून फोनकडे बघत एक पाऊलही मागे घेऊ नका, पलीकडे सरळ उतार आहे.

प्रश्न : धाकट्या दिराला ‘चेन्नई एक्स्प्रेस’मधला दुधसागर भर पावसात बघायचाय. मित्रांबरोबर कुळ्याहून रुळांवरून चालत जायचं म्हणतो. कसं समजवावं? (फोंडा)

उत्तर : कायद्याने समजवा. रुळांवरून चालणं हे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली अतिक्रमण ठरतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पावसाळी शनिवार-रविवारी रेल्वे पोलीस तिथे असतात आणि गेल्या काही वर्षांत रुळांवरून आलेल्यांना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत.

त्यापेक्षा घाट समजून सांगितला तर कदाचित जास्त पटेल. कुळे ते कॅसल रॉक हा सुमारे २६ किलोमीटरचा चढ आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणून चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिनं लावतात. उतरणारी गाडी ब्रेकवर येते, माणूस दिसला म्हणून जागेवर थांबणं तिला जमत नाही. बोगद्यात रुळाच्या बाजूला उभं राहायला जागा बेताची, आणि पावसात धबधब्याच्या आवाजापुढे इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही. (कॅसल रॉक या नावावरून तिथे किल्ला शोधायला जाणारेही आहेत. नाही. स्टेशन आहे.)

रीतसर मार्ग दोन. पहिला जीपचा. कुळ्याहून अभयारण्यातून जीप जाते, एका गाडीत सात जण. वाटेत ओढे ओलांडावे लागतात, म्हणूनच जूनपासून हा रस्ता बंद असतो आणि साधारण ऑक्टोबरात उघडतो. जीप सोडते तिथून पुढे मोठमोठ्या धोंड्यांवरून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. लाइफ जॅकेट सक्तीचं. दिवसाच्या जीपची संख्या ठरलेली असते. सुट्टीच्या दिवशी दहा वाजता निवांत पोचणारे परत फिरतात. हा मार्ग डोहापाशी नेतो. रेल्वेचा पूल तुमच्या डोक्यावर, धबधब्याच्या मध्यावर आडवा दिसतो. सिनेमातली चौकट खालून मिळत नाही, पण ३१० मीटर उंचीचा खरा अंदाज खालूनच येतो.

दुसरा मार्ग गाडीने घाट ओलांडण्याचा. पावसाळ्यात हाच एक. वास्कोहून लोंढ्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या धबधब्यासमोरच्या पुलावरून जातात. सिनेमातल्यासारखी गाडी पुलावर थांबेल आणि सगळे उतरतील, ही आशा सोडा. घाट दिवसाउजेडी ओलांडणारी गाडी वेळापत्रकात बघून घ्या आणि तिकीट स्लीपरचं काढा. वातानुकूलित डब्याची काच उघडत नाही, बाहेरून पाणी ओघळतं आणि फोटोत पांढरा डाग येतो. धुकं असेल तर पाच मिनिटं जाऊन काहीच दिसत नाही, हेही दिराला आधीच सांगा.

एकदाच जायचं असेल तर आमचं मत ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. जीप सुरू असते आणि पाणीही भरपूर असतं. एप्रिल-मेमध्ये एक सडपातळ धार उरते.

प्रश्न : मुलांना परदेशी सिनेमात असतो तसा उंच मनोऱ्यांचा ‘कॅसल’ बघायचाय. गोव्यात त्यातल्या त्यात तसा कुठला? (मडगाव)

उत्तर : उंच मनोरे मिळणार नाहीत, आणि त्याचं कारण मुलांना सांगण्यासारखं आहे. ते किल्ले तोफांच्या आधीचे. पोर्तुगीज इथे आले तोवर तोफ हेच मुख्य हत्यार झालं होतं. उंच सरळ भिंत तोफेला सोपी सापडते, म्हणून इथले तट बुटके, जाड आणि बाहेरच्या बाजूने तिरके. आग्वादला (१६१२) हे स्पष्ट दिसतं. भोवती रुंद कोरडा खंदक, आत शिरल्यावर मोकळं अंगण आणि त्याखाली गोड्या पाण्याची प्रचंड टाकी. गाडी जवळपर्यंत जाते, त्यामुळे आजी-आजोबांनाही चालेल.

पण ‘कॅसल’चा भास हवा तर पणजीसमोरच्या काठावरचा रेइश मागूश किल्ला. १५५१ सालचा, टेकडीच्या उतारावर, कोपऱ्यांवर चौकीदाराच्या छोट्या गोल बुरुज्या. दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये तो लोकांसाठी उघडला. आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत. सोमवारी बंद, हे विसरून जाणारे बरेच. फोटो पायथ्याच्या रस्त्यावरून, फोन गुडघ्याच्या उंचीवर धरून वर रोखा, बुटका तटही उंच दिसतो. कॅमेरा थोडा डावी-उजवीकडे गेला की इमारती घुसतात, तेवढं सांभाळा.

प्रश्न : तेरेखोलच्या किल्ल्यावर फेरीबोटीने जाऊन उन्हं उतरताना शूट करायचं आहे. काय लक्षात ठेवावं? (पेडणे)

उत्तर : भरती-ओहोटी. तेरेखोलला नेणारी केरीची फेरी अगदी उतरत्या पाण्यात अडते, कारण नदीच्या मुखाशी वाळू साचते. जाताना पाणी असतं, परतताना नसतं, अशी फजिती होते. त्या दिवसाची ओहोटी बघा, शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच विचारा. चुकलीच तर घाबरू नका. तेरेखोल गाव नदीच्या उत्तरेला, सिंधुदुर्गाला लागून आहे, आरोंद्यावरून वळसा घालून परत येता येतं. किल्ल्याच्या आतल्या चित्रीकरणाचं आधी विचारून ठेवा.

प्रश्न : किल्ल्यावर ड्रोन उडवता येतो का? माझा २५० ग्रॅमच्या आतला आहे. (वास्को)

उत्तर : वजनाने सूट मिळते, रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. कुठे उडवायचा याला सूट नाही. ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा लाल, पिवळी की हिरवी ते बघा. तुम्ही वास्कोचे, म्हणजे नौदलाचा तळ शेजारीच. घराच्या गच्चीवरूनही उडवू नका. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंवर ड्रोनला वेगळी परवानगी लागते, तिपाईलाही. हातातल्या फोनने फोटो काढायला कुणी अडवत नाही. लग्नाआधीचं शूट हा व्यवसाय धरला जातो, ‘घरचंच आहे’ हे कारण टिकत नाही. सिनेमा, वेबसिरीज, जाहिरात असेल तर एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा या सरकारी संस्थेकडून सुरुवात करा.

प्रश्न : ‘दृश्यम’मधलं पोंडोलिम गाव कुठल्या तालुक्यात? आणि ‘त्रिकाल’मधलं घर बघता येतं का? (डिचोली)

उत्तर : कुठल्याच तालुक्यात नाही, नाव कथेसाठी बनवलेलं आहे. ‘त्रिकाल’ (१९८५) मात्र लोटलीला, मारियो मिरांडांच्या वडिलोपार्जित घरात झाला. ते खाजगी घर आहे. रस्त्यावरून बघा, फाटकात गाडी लावू नका. पर्र्याच्या माडांच्या रस्त्यालाही हेच लागू, ‘डियर जिंदगी’नंतर तिथे रस्त्याच्या मधोमध आडवं पडून फोटो काढणारे येतात आणि तो रोजच्या वाहतुकीचा रस्ता आहे. सकाळी साडेसहा-सातला, एका कडेला उभं राहून काढलात तर माडांची रांगही पूर्ण येते आणि मागून हॉर्नही वाजत नाही.